छताखाली बसलेली धापू

मध्यभारत राज्य नवं होतं आणि मी इंटरला होते, म्हणजे जग सुधारायला मला चार महिने पुरे होते. मिशनतर्फे आम्ही तिघी मुली पोलोग्राउंडजवळ उतरलेल्या, बैलगाडीतच संसार करणाऱ्या गाडीलोहारांच्या पोरांना शिकवायला जायचो. घरी परतले की मागच्या दाराशी आई तांब्या घेऊन उभीच. "काय काय शिवून आलीस, अरुंधती! आधी न्हा, मग आत ये." मी रोज भांडायचे. हा किस्सा एकदा धापूला हसत हसत सांगितलाही होता.

धापू आठ वर्षांची. बैलगाडीच्या सावलीत बसून दोन महिन्यांत नाव लिहायला शिकली. मिशनच्या शाळेत एकच जागा उरली होती, आणि मोठ्या बाईंची, सुमनबाईंची, अट होती: मुलीनं वर्गात बसून लिहून दाखवायचं. शुक्रवार शेवटचा दिवस.

शुक्रवारी मी तिला घेऊन गेले. उंबऱ्याशी ती अडली आणि वर कौलांकडे बघत राहिली. "लाजतेय," मी म्हटलं आणि दंडाला धरून आत ओढली. मधूनमधून वर बघत तिनं नाव लिहिलं. सुमनबाईंनी तिला रजिस्टरात घेतलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

तळावर तिची आई घण मारत होती. मी आनंदानं वर्गातली हकिकत सांगितली. "छत के नीचे बैठी?" तिनं घण टाकला. छपराखाली जायचं नाही, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची आण. मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. दोष धुवायला तिनं कपड्यांसकट लेकीवर बादली ओतली.

"अहो, ये सब फालतू आहे!" मी ओरडले. संतापले होते, पण कुणावर ते मलाच कळेना.

धापू निथळत उभी होती. "बाई, हमको छूने पे थारी माँ भी थने नहलाती है ना?"

"हो."

"नहा के भी तू दूसरे दिन आती है. मैं भी नहा के रोज जाऊँ इस्कूल?"

दोघी मायलेकी माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणावं तर माझ्या आईचा तांब्या खरा ठरत होता. नाही म्हणावं तर शाळा हातची जात होती.

"जा," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, कोण जाणे. तिची आई रिकामी बादली उचलून पाण्याला गेली.

घरी आई दाराशी होतीच. मी मान खाली घातली.

"आज भांडण नाही?" ती चकित झाली.

"ओत," मी म्हटलं, "उद्या परत जायचंय."