चौघांची मुदत संपली

ऑनलाइन बुद्धिबळाची स्पर्धा दोन वर्षं रेंगाळली होती. एका चालीला पाच दिवसांची मुदत. गावातल्या एका चष्मेवाल्याचे शेवटचे चारही डाव हरायला आले होते. समोरचे चौघे गावाला पाणी सोडणाऱ्या केंद्रातले, एकमेकांना विचारून खेळणारे बेरकी. सोमवारपासून चौघेही गप्प होते. आठवण करून द्यायची रीत होती, पण हा मूग गिळून बसला. आज मुदत संपली आणि हा विजेता!

“नशीब फळफळलं तुमचं!” बायको हसली. “पण चौघंही एकदम कसे हो गप्प?”

त्याचं हसू मावळलं. त्याने केंद्रात फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली.

“घ्या,” बायकोने ग्लास पुढे केला. “कालपासून पाणी जरा गोडच लागतंय, नाही?”