थराखालची रेघ

लग्न होऊन घरात आली तेव्हा ती इतकी किरकोळ होती, की नणंदेनं पहिल्याच दिवशी तिचं नाव बारकी ठेवलं. पुढे दोन मुलं झाली, अंग भरलं, जिन्याखालच्या खोलीत स्वतःचं नखांचं दुकानही झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानसुद्धा नणंदेचीच करणी. "घरात बसून भिंतींना किती दिवस ऐकवणार आहेस? हात चांगला आहे तुझा, वापर की," असं म्हणून ताईंनी स्वतः जाऊन नखांच्या वर्गात तिचं नाव घातलं होतं. खोलीही त्यांनीच शोधून दिली. एक टेबल, दोन खुर्च्या, नखांवरचं जेल कडक करायचा दिवा आणि एक आरसा. मग ताईंचा शब्द खाली पाडायचा कुणी? घरात तर कुणाचीच छाती नव्हती. बारकीचा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, चाळिशी ओलांडली तरी ताई समोर आल्या की खिशातले हात बाहेर काढायचा.

ताई सोन्याच्या एका मोठ्या दुकानात अंगठ्यांच्या काउंटरवर होत्या. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं, की त्या अंगठी उचलून स्वतःच्या बोटात घालायच्या, हात दिव्याखाली जरासा तिरका धरायच्या आणि गप्प बसायच्या. पुढचं सगळं हात बोलायचा. "लोक अंगठी नेत नाहीत गं, माझा हात बघून भुलतात," असं म्हणून खो खो हसायच्या. त्यामुळे दर तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, त्या बारकीच्या खुर्चीत हजर.

त्यांना तयार नक्षीची नखं आवडायची. प्लास्टिकची पातळ नखं, आकाराप्रमाणे डबीत लावलेली, वर फुलं, सोनेरी वर्ख, नाहीतर बारीक जाळी आधीच छापलेली. पण ती नुसती चिकटवली तर आठवड्यात कडा उचलतात आणि नक्षी खरवडून निघते. म्हणून बारकी त्यांच्यावर ओव्हरले करायची. पारदर्शक जेलचा थर, मधोमध जरा उंच, कडेला कागदासारखा पातळ, दिव्याखाली धरून कडक केलेला. कानस फार जपून चालवावी लागायची. एक फटका जास्त बसला की नक्षी गेलीच म्हणून समजा. थर नीट बसला की नख काचेसारखं चमकायचं. खालचं खरं नख मात्र पुढच्या खेपेपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही. ते फक्त बारकी बघायची, जुना थर उतरवताना.

अशाच एका सकाळी तिला रेघ दिसली. डाव्या अंगठ्याच्या नखावर, मुळापासून टोकापर्यंत, तपकिरी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

"ताई, हे काय हो?"

"ड्रॉवरमध्ये सापडला असेल. रोज कुठलं ना कुठलं बोट सापडतंच."

बारकीनं मान डोलावली, नख घासलं, पुसलं, डिंक लावला, तयार नख तिरकं टेकवून हळूच खाली दाबलं. वर जेल. रेघ गेली.

पण घरी भाकरी थापताना तिला वर्गातल्या बाई आठवल्या. त्या बोर्डावर मोठं नख काढून सांगायच्या, "माराचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि एक दिवस कापला जातो. जो डाग जागचा हलत नाही, त्याला तुम्ही हात लावायचा नाही. डॉक्टरकडे धाडायचं." शंभर गोष्टींत सांगितलेली ही एक गोष्ट. तेव्हा कुणी वहीत लिहूनसुद्धा घेतली नव्हती.

पुढच्या खेपेला तिनं सगळ्यात आधी अंगठाच भिजवला. नख चांगलं वाढलं होतं. रेघ तिथेच होती, मुळातूनच उगवल्यासारखी.

"ताई, ही हलली नाही हो. मार असता तर पुढे सरकला असता. एकदा दाखवून घ्या ना."

"कुणाला?"

"डॉक्टरांना."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि हसल्या. "तू डॉक्टर झालीस की सांग. पहिली पेशंट मी. तोवर नखं कर."

बारकी पुढे काय बोलणार? ताईंचे यजमान साध्या खोकल्याचं निमित्त होऊन दवाखान्यात गेले होते, आपल्या पायांनी चालत. सोळा दिवसांनी ताई त्यांचा चष्मा आणि घड्याळ पिशवीत घालून एकट्या परत आल्या. त्या दिवसापासून दवाखान्याचा जिना चढणार नाही म्हणाल्या, त्या चढल्याच नाहीत. तापसुद्धा घरातच अंगावर काढायच्या. हे सगळं माहीत असताना जास्त ताणायचं कसं? बारकीनं कानस उचलली.

रेघ रुंद होत गेली. आधी दोऱ्याएवढी होती, ती काडेपेटीतल्या काडीएवढी झाली. रंगही एकसारखा राहिला नाही. कुठे करडा, कुठे अगदी काळा. दर खेपेला बारकी त्यावर नवं नख बसवून थर द्यायची. मग एके दिवशी ताईंनी स्वतःच्या पिशवीतून नव्या नखांची डबी काढली. आजवर त्यांना फिकी नखं आवडायची, गुलाबी, मोतिया. या डबीतली नखं गडद जांभळी होती, आरपार काही म्हणता काही न दिसणारी.

"हीच बसव. आणि थर जरा जाड दे."

आजवर तिला वाटत होतं, ताईंना कळत नाहीये. ताईंना सगळं कळत होतं.

"ताई, दुखतं का?"

"नाही. दुखत असतं तर गेले नसते का?" मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "दुखत नाही म्हणजे काही नाही."

हे वाक्य त्या कुणाला सांगत होत्या कोण जाणे. बारकीनं जाड थर दिला. मग ताईंनी हात दिव्याखाली धरला. जेल कडक होताना बोटाला चटका बसतो, बायका हात चटकन मागे घेतात. ताईंनी अंगठा हलवला नाही.

मग दुकानाच्या जाहिरातीचं निघालं. मालकांना अंगठ्यांचे मोठे फोटो हवे होते, आणि बाहेरची मुलगी कशाला, हात तर आपल्याकडेच आहेत, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. ताईंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्या सकाळी बारकीनं जुना थर उतरवला आणि तिचा हात थबकला. काळेपणा नखाबाहेर आला होता. नखामागच्या कातडीवर शाई सांडून पसरावी तसा, बोटाच्या पेराकडे निघालेला.

"ताई."

"फोटो झाल्यावर बघू."

"ताई, हे कातडीवर आलंय."

"बारके, मी म्हटलं ना, फोटो झाल्यावर. एवढं एकदा कर. नंतर तू म्हणशील तिथे येते."

बारकीनं केलं. आयुष्यात केलं नसेल इतकं सुबक काम केलं. थोडं मोठं नख निवडलं, मागची कड कातडीवर जराशी येईल असं बसवलं, आणि उरलेल्या काळ्यावर अंगाच्या रंगाचं क्रीम बोटानं थापलं. एक बुडबुडा नाही, एक ओरखडा नाही. हात धुताना तिला कसंतरीच झालं, जणू कुणाच्या तोंडावर हात दाबून ती बसली होती आणि ते माणूस गप्प होईपर्यंत तिनं तो उचलला नव्हता.

दोन आठवड्यांनी तो फोटो दुकानाच्या दर्शनी काचेवर लागला. माणसाच्या उंचीचा हात, बोटात हिऱ्याची अंगठी, आणि पुढे आलेला अंगठा, ताटाएवढ्या नखाचा, स्वच्छ, झगझगीत. बारकीचा रोजचा रस्ता तिथूनच होता. लोक थांबून बघायचे. ती मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथनं जाऊ लागली. तिला वाटायचं, एखाद्या दिवशी उन्हानं तो कागद सोलेल आणि सगळ्या रस्त्याला खालचं दिसेल.

पुढच्या खेपेला ताई आल्या त्या डबी घेऊनच. जुनं नख उतरवताना खालचं नख रेघेवरून उभं चिरलं आणि पाणी मिसळल्यासारखं पातळ रक्त आलं. बारकीनं कापूस दाबून धरला.

"फोटो झाला ताई. आता चला."

"पुढच्या महिन्यात बघू. आत्ता दुकानात गर्दी आहे."

"मी नाही बसवणार."

ताईंनी मान वर केली. असं उत्तर त्यांना या घरातून कधी मिळालं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"मी यावर थर देणार नाही. तुम्ही मला मारा, बोला, पण नाही देणार."

"मी तुला हे टेबल दिलं, बारके."

"माहीत आहे मला."

ताईंनी कापूस तिच्या हातातून काढून घेतला, डबी पिशवीत टाकली. दारात म्हणाल्या, "गावात काय तू एकटीच आहेस?" आणि गेल्या. दुपारी चौकातल्या मोठ्या पार्लरमधून त्या दहा चकचकीत नखं घालून बाहेर पडताना शेजारणीला दिसल्या. तिथल्या मुलीनं काही विचारलं नाही, नुसतं काम केलं.

बारकीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पहिल्या रेघेपासून. तो जेवता जेवता थांबला.

"आणि तू मला आज सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी तो बहिणीकडे गेला. काय बोलला, कसं बोलला, ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. ताईंनी दोघांशी बोलणं टाकलं. फोन उचलला नाही. सहा आठवडे असे गेले. सातव्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडताना, बारकीला जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताई बसलेल्या दिसल्या. डाव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळला होता. उजवा हात डाव्या काखेत.

"इथे गाठ लागतेय," त्या म्हणाल्या. नेहमीचा आवाज नव्हता तो. "चल, कुठे न्यायचं तिथे ने."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी रुमाल सोडला, भिंग धरून पाहिलं, काख चाचपली.

"हे केव्हापासून आहे?"

"दोन महिने झाले असतील," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी बारकीकडे पाहिलं. ताईंची बाजू राखायची की खरं सांगायचं? मग वाटलं, आता राखायला काय उरलंय?

"दहा महिने," ती म्हणाली. "पहिल्यांदा रेघ होती. मी नखं करते यांची. मीच झाकत होते."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं, आणि पुन्हा लिहायला लागल्या. नखाखालचा तुकडा काढून तपासायला गेला. चार दिवसांनी नाव कळलं, नखाखाली होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचं लांबलचक नाव. अंगठा मधल्या सांध्यापासून काढला. काखेतली गाठही काढली, आणि तिचा अहवाल आला तेव्हा बारकीचा नवरा तो हातात धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिला. कॅन्सर गाठीतही उतरला होता. आता इंजेक्शनं चालू करायची, सलाइनमधून, वर्षभर. लागू पडली तर पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आला असतात तर, आणि वाक्य तिथेच सोडलं.

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी बारकीच सोबत गेली. लांबट खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक नळी ठिबकतेय. ताईंचा पट्टी बांधलेला हात उशीवर होता. बराच वेळ त्या छताकडे बघत होत्या.

"तेव्हाच माझा हात का नाही धरलास?"

"सांगितलं होतं ताई. दोनदा-तीनदा."

"सांगितलंस. भाजीत मीठ आहे का विचारावं तसं." ताईंचा आवाज चढला नव्हता. "मी नाही म्हटलं, की तू कानस उचलायचीस."

"हो."

"भ्यायचीस मला?"

"हो ताई."

ताईंनी डोळे मिटले. बारकी वाट बघत राहिली. आता म्हणतील, जाऊ दे, तू ओरडली असतीस तरी मी ऐकलं नसतं. खरंही होतं ते. साऱ्या घराला माहीत होतं. तेवढं एक वाक्य मिळालं असतं, तर तिला रात्री झोप लागली असती.

ताई ते म्हणाल्या नाहीत. नळीतून थेंब पडत होते. थोड्या वेळानं त्यांना थंडी वाजायला लागली, तेव्हा बारकीनं पायांवर चादर ओढली, आणि ताईंनी ती ओढू दिली, एवढंच.