कुंभारणीचं उत्तर

यज्ञेश्वरबुवांची वाचा गेली तेव्हा सगळ्यांना पहिली आठवण माझी झाली, आणि देव क्षमा करो, मला त्याचं बरंच वाटलं.

पानपतावर गेलेल्यांची वाट पाहणं पुण्यातल्या घरांनी नुकतंच सोडलं होतं, तो काळ. मी कसब्यात राहणारा, एका सरदाराच्या फडात कारकून. दिवसभर आलेल्या पत्रांचे गोषवारे काढायचे. पत्र कुठून आलं, कोणाचं, मतलब काय. दोन पानांचं पत्र दोन ओळींत बसवायचं, आणि त्यात माझा हात चांगला होता. संध्याकाळी मात्र नदीकडच्या विठोबाच्या देवळात बुवांचं कीर्तन. बारा वर्षांत पाच-सात कीर्तनं चुकली असतील, तीही सोयरसुतकापायी. आरती झाली, कपाळाला बुक्का लागला, की मी खांबाला टेकून तिथेच वही उघडायचो आणि त्या दिवसाचं कीर्तन उतरवायचो. लोक कौतुकानं बघायचे. बुवा वीणा उतरवता उतरवता म्हणायचे, "लिही बाबा, लिही. आमच्या तोंडचा वारा गाठीला बांधून ठेव."

स्वतः त्यांनी कधी अक्षर लिहून ठेवलं नाही. कीर्तनकाराची वही म्हणजे समोर बसलेली माणसं, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी आश्विन संपता संपता ते सकाळी संध्येला बसले, आणि आचमनाची पळी हातातून पडली. उजवं अंग गेलं, त्याबरोबर जीभही. चौथ्या दिवशी त्यांच्या कुटुंबानं, सरुकाकूंनी, मला बोलावून घेतलं.

"श्रीनिवासा, वैद्य म्हणतात, आत खोल मुरलेलं काही कानावर पडलं तर जीभ सुटेलही. तुझ्या वह्या आण. कुंभारणीचं आख्यान वाच."

‘कुंभारीण’ हा शब्द ऐकला आणि अंथरुणावरच्या बुवांचे डोळे माझ्याकडे वळले. डावा हात वर झाला. काहीतरी मागत होते.

हे आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं. दरसाल कार्तिकी एकादशीला, एकदाच सांगायचे. लोणी गावची एक कुंभारीण. तिची भट्टी बिघडते, झाडून सगळी मडकी तडकतात. त्याच दुपारी देव वाटसरू होऊन उंबऱ्याशी उभा राहतो आणि पाणी मागतो. घरात एक भांडं धड नाही. इथे बुवा वीणा छातीशी धरायचे, मृदंग थांबायचा, आणि कुंभारीण देवाला काय म्हणाली ते बुवा तिच्याच आवाजात सांगायचे. फार नाही, एक-दोन वाक्यं. पण सगळं देऊळ रडायचं. मीसुद्धा.

मी धावत घरी गेलो, वह्या घेऊन आलो. बुवांच्या उशाशी बसून पहिल्या वर्षाची एकादशी काढली आणि मोठ्यानं वाचली.

"कार्तिक शुद्ध एकादशी. आख्यान कुंभारणीचे. भट्टी बिघडली. देव आले, पाणी मागितले. कुंभारणीने योग्य उत्तर दिले. श्रोते गहिवरले. आरती."

बुवा बघत राहिले. मी घाईनं पुढचं वर्ष काढलं. "आख्यान सदरहूप्रमाणे. श्रोते विशेष गहिवरले." त्याच्या पुढचं वर्ष. "सदरहूप्रमाणे."

"योग्य उत्तर म्हणजे काय दिलं?" सरुकाकूंनी विचारलं.

मी पानं उलटत होतो. बारा एकादश्या उलटल्या.

"अरे, बारा वर्षं हे लिहीत होतास होय? एवढं तर माझ्यासारख्या निरक्षर बाईनंही सांगितलं असतं."

त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. बुवांचा हात अजून वरच होता. सरुकाकूंनी तो हळूच खाली घेतला आणि पांघरुणात ठेवला.

घरी येऊन मी सगळ्या वह्या पहिल्यापासून वाचल्या. स्वतःचं लिहिलेलं आपण कधी वाचतो का? मी तर कधीच वाचलं नव्हतं. अक्षर मोत्यासारखं, शिरोरेघा सरळ, खाडाखोड नाही. आणि आत कोणी नाही. फडात ज्या हातानं पत्रातला माणूस वगळून मतलब काढायचो, त्याच हातानं मी बुवांना वगळलं होतं. वाटायचं, लिहितो आहे, म्हणजे मुरतं आहे. लिहिलं म्हणून निश्चिंत झालो आणि निश्चिंत झालो म्हणून विसरलो. बाकीचे निदान ऐकत तरी होते.

पण नाही, तेही ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मृदंगवाल्या जयसिंगाकडे गेलो.

"पंत, ‘उंबरा’ म्हणाले की हात उचलायचा, एवढं मला पाठ. पुढचं ऐकायला मी काय मोकळा होतो? परत थाप कुठे पडते तिकडे ध्यान."

सरुकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्या वेळी पदरात तोंड घालून रडत असे. रडणारीला ऐकू कुठलं येतंय?" देवळाच्या पुजाऱ्यांना उत्तर आठवत होतं. मी लिहून घेतलं, आणि त्यांच्या बंधूंनी तिथल्या तिथे वेगळंच सांगितलं. दोघे भांडत बसले आणि मी उठलो.

शेवटी कागदीपुऱ्यात गेलो. रहीम कागदी माझा नेहमीचा. दर एकादशीला देवळाबाहेर चिंचेखाली उभा राहून ऐकायचा. लगदा ढवळता ढवळता तो थांबला.

"भाऊ, मी बाहेरचा. वारा देईल तेवढंच माझं. ती देवाला ‘वाकून’ म्हणाली, असं काही होतं."

"वाकून काय?"

"ते वारा घेऊन गेला."

"आठव ना रे."

"तुम्हीच आठवा. आत खांबाशी बसून माझा कागद कोण खर्ची घालत होतं?"

एवढा एक शब्द घेऊन मी घरी आलो.

त्या दिवसांत माझ्या हाताला काय झालं कोण जाणे, गोषवारा काढवेना. तळेगावाकडून एक पत्र आलं. लिहिणाऱ्याची आई वारली होती, त्यानं रजा मागितली होती. आई शेवटच्या दिवशी काय बोलली ते त्यानं लिहिलं होतं, ते मी सगळं उतरवलं. फडातले थोरले कारकून केसोपंत यांनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणला.

"श्रीनिवासपंत, हिची उत्तरक्रिया आपणच करणार आहात का?"

"नाही, पण तिचे शब्द—"

"सरकारांना रजा द्यायची की नाही ते ठरवायचंय. म्हातारीचे शब्द आपण घरी न्या. इथे हे फाडून दोन ओळी द्या."

मी दोन ओळी दिल्या. दुसरं काय करणार? म्हातारीचे शब्द मात्र कमरेला खोचून घरी नेले.

एकादशी चार दिवसांवर आली. बुवा आता पातळ पेजही गिळेनात. रोज मी गेलो की डोळे माझ्या हाताकडे जात, हातात कागद आहे का बघत. सरुकाकू म्हणाल्या, "तेच विसरलेत रे. म्हणूनच मागताहेत. रचणाराच विसरला तर ती बाई कुठे जाईल?"

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसलो. हात जोडले, म्हटलं, पांडुरंगा, मला आठव दे. त्यानं दिला नाही. मग मी बोरू घेतला. सगळं आख्यान जसं ध्यानात होतं तसं लिहिलं, या वेळी एकेक शब्द, बुवांची धाप, त्यांचं मधेच हसणं, सगळं. उंबऱ्यापाशी आलो आणि तो एकच शब्द घेऊन बसून राहिलो. आणि शेवटी लिहिलं: देवा, माझ्या घरात न फुटलेलं काही नाही. तू वाकून पी, मी ओतत राहते.

हे बुवांचं होतं का? मला वाटलं, होतं. पुन्हा वाचलं, तर वाटलं, हे माझं आहे, बुवांचा शब्द असा गुळगुळीत नसतो. पुन्हा वाचलं, आणि काहीच वाटेना.

सकाळी जाऊन वाचलं. बुवा डोळे मिटून ऐकत होते. भट्टी झाली, देव आला, पाणी मागितलं. मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले. मी उत्तर वाचलं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ हलले, डावा हात उठला आणि आडवा हलला, एकदा, दोनदा. नको, नाही, म्हणत होते? की माशी वारत होते? की सापडलं, असं म्हणत होते? वैद्यांनी आधीच सांगितलं होतं की अशा दुखण्यात उगाचच रडू येतं, त्यावर जाऊ नये. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. नुसता श्वास कानाला लागला.

"हेच होतं ना रे?" सरुकाकू भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या. त्यांचं तोंड इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळलं होतं. "बघ, कसे रडताहेत. हेच ना?"

"होय," मी म्हटलं.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली. दशमीला दुपारी ते गेले.

आता देवळात त्यांचा शिष्य उभा राहतो. कुंभारणीचं आख्यान तो माझ्या कागदावरूनच शिकला. उंबऱ्यापाशी जयसिंगाचा हात थांबतो, आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. बाहेरगावचे हरिदासही प्रत मागायला येतात. मी कोणाला नाही म्हणत नाही. बसून लिहून देतो, एकही शब्द न गाळता. त्या दोन वाक्यांपाशी दर वेळी बोरू दौतीत बुडवतो, भरलेला असला तरी. आणि शेवटी ‘यज्ञेश्वरबुवांच्या मुखीचे’ असं लिहून वर वाळू टाकतो. सरुकाकू समोर बसलेल्या असतात. दुसरं काय लिहू?