मधला डबा

मनोहररावांना मधल्या माणसाचा भारी तिटकारा. संत्री घ्यायची तर थेट बागेतून, कापड घ्यायचं तर थेट विणकराच्या दारातून. नागपूर सोडून चाललेल्या एका साहेबाकडून त्यांनी उंची रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर घेतला, तेव्हा दोहोंच्या मधे जोडायचा पत्र्याचा डबाही सोबत आला. मनोहररावांनी तो खुशाल बाजूला ठेवला. सूर थेट यावा, मधे दलाल कशाला? त्यांची बायको जयवंता, तिने डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली तो सरकवला. आवाज बारीक येई. पण शुद्ध आवाज असा नाजूकच असतो, असं मनोहरराव सगळ्यांना ऐकवत.

आज मात्र त्या आवाजाची परीक्षा होती. कुही गावाहून सासरे रुपराव आले होते आणि दंडार या लोकनाट्यातले त्यांचे ढोलकीवाले देवरावही. दोघांनी तरुणपणी एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. गावातल्या बारक्या स्पीकरच्या प्लेअरवर रुपरावांचा गळा छान ऐकू येई, ढोलकीची मात्र नुसती टिकटिक. रुपरावांनीच आपल्याला माइकपासून लांब बसवलं, असं देवरावांच्या मनाने घेतलं आणि दोघांत अबोला पडला. जयवंताने हातापाया पडून दोघांना आणलं होतं. "एक डाव आमच्या मशीनवर ऐका, मंग भांडा," असं म्हणाली होती बिचारी.

रेकॉर्ड लागली. डबीत डास कोंडल्यासारखा आवाज आला. ढोलकीची टिकटिकही धड नाही. देवरावांनी टोपी उचलली.

"पाह्यलं? काहून आणलं वं पोरी मले?"

जयवंताचा चेहरा उतरला. मनोहरराव धावत शेजारच्या अनंताकडे गेले. तो रेडिओ केंद्रावर इंजिनिअर होता. आल्या आल्या त्याने मागच्या तारा पाहिल्या.

"भाऊ, मधला डबा कुठे ठेवला?"

मनोहररावांनी शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. अनंताला हसू आवरेना.

"ह्या सुईतून आवाज येतो जरासाच, तो वाढवावा लागतो. आणि रेकॉर्ड बनवताना ढोलकीचा घुमारा दाबून भरतात, प्रवासाला होल्डॉलमध्ये पट्ट्याने आवळलेल्या गादीसारखा. नाही तर गाणं त्यात मावतच नाही. घरी तो पट्टा सोडून गादी पसरावी लागते. ही दोन्ही कामं हा डबा करते. बसा काका, पाच मिनिटं."

डबा जोडला. सुई टेकली आणि ढोलकी अशी घुमली की फडताळातल्या कपबशा थरथरल्या. देवराव दारातून परत आले. त्यांचा डावा तळवा आपोआप मांडीवर पडू लागला.

गाणं संपलं. रुपरावांचे डोळे भरून आले होते.

"माह्या मांडीले मांडी लावून बसला होता गा तू," ते म्हणाले. "मले वाटे, माह्यावर रुसून तूच हळू वाजवलं."

"हळू? हात सुजले होते माहे तुह्यापायी." देवराव खो खो हसत त्यांच्याजवळ टेकले. "जावईबापू, अजून एक डाव लावा."

मनोहररावांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग ह्या दोघांना इथवर ओढून आणणाऱ्या बायकोकडे. मधल्या माणसाविरुद्ध त्यांनी पुन्हा ब्र काढला नाही. शिलाई मशीनखाली त्यांनी वीट आणून लावली.