पुराव्यादाखल पाच दात

न्याय मागायला जाताना माणसाची मान ताठ असावी, असं म्हणतात. तुळशीदास घाडी पोटावर सरपटत गेला. लालबागच्या ज्या चाळीत तो राहायचा, तिच्या मागच्या सार्वजनिक संडासाच्या कौलांना ताठ मानेचा माणूस पेलत नव्हता.

खाली सकाळची रांग होती. हातातलं टमरेल सावरत लहू शिरोडकरने वर पाहिलं.

"तुळश्या, हय नंबर लागत नाय म्हणून वरसून घुसतंस काय रे?"

"गप ऱ्हव. कोर्टाचा काम आसा."

"कोर्टाचा? आणि हय?"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नलू ओरडली, "लहूकाका, तुम्ही पंच आहात. जागा सोडू नका."

"मी पंच कधी झालंय?"

"आत्ता. डोळ्यांनी बघताय ना? झालं."

"अगे बाय, माझो नंबर इलो!"

"पंचनामा होईपर्यंत पंचाने हलायचं नसतं."

लहूने एकदा नलूकडे आणि एकदा उघड्या झालेल्या दाराकडे पाहिलं. कायद्याचा मान राखून तो क्षणभर थांबला, आणि आत गेला.

नलू म्हणजे तुळशीदासच्या शेजारच्या खोलीतल्या शांताबाईंची मुलगी आणि चाळीतली पहिली वकील. गिरगावातल्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ती त्यांच्या बॅगा उचलत होती. स्वतःचं असं हे तिचं पहिलं प्रकरण. ते कौलांवर जाईल असं लॉ कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

प्रकरण सुरू झालं होतं ते तुळशीदासच्या उजव्या गालात, ब्याऐंशीच्या पावसाळ्यात. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला होता. गार वारा लागला, दाढीचं पातं फिरलं, पहिला घास घेतला, की गालातून वीज जायची. कधी नुसतं बोललं तरी जायची. तुळशीदास साचेखात्यातला, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवरचा. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसल्यामुळे तिथली माणसं तोंड भलं मोठं उघडून ओठांनी बोलायची. साचे बंद पडले तरी ती सवय बंद पडली नव्हती. त्यामुळे "पाणी दे" म्हणायलाही तो जेवढं तोंड उघडायचा, तेवढ्यात कळ यायचीच.

रस्त्यापलीकडे दातांचे डॉक्टर टिपणीस होते. देवमाणूस. संपाच्या काळात त्यांनी गिरणीवाल्यांकडून काही म्हणजे काही घेतलं नाही, दात सोडून. "कुठला दुखतो?" असं विचारायचे. तुळशीदास बोट ठेवायचा. डॉक्टर तो काढायचे. काही दिवसांनी कळ शेजारी सरकायची, तुळशीदास पुन्हा जिना उतरायचा. असे एका ओळीत सहा दात गेले.

दर वेळी तो रक्ताळलेला बोळा दाताखाली आणि दात कागदात घेऊन घरी आला, की त्याची आई आनंदीबाई हात पुढे करायची.

"दी तो हय. कौलार टाकतंय. नवो येतलो."

ही सोय पोरांच्या दुधाच्या दातांसाठी होती आणि तुळशीदास तेव्हा चाळिशीला टेकला होता. पण संपाच्या दिवसांत फुकट मिळणारी आशा नाकारायची कुणाची ऐपत नव्हती. आनंदीबाई गॅलरीच्या कठड्याला टेकून, डोळे मिटून, संडासाच्या कौलांवर दात भिरकावायची. गावी आयुष्यभर दगडाने आंबे पाडलेली बाई; एकही दात खाली पडला नाही. नवा एकही आला नाही. गिरणीनेही तुळशीदासला परत घेतलं नाही. पुढे वरळीच्या एका ऑफिसात तो लिफ्टमन झाला. आनंदीबाई गेली. कळ राहिली.

आणि कळीहून वाईट होती रखमा. म्हणजे त्याची बायको. ऑफिसवाल्यांचे डबे करून तिने संप आणि संपानंतरचं सगळं निभावलं होतं. नवऱ्याच्या दुखण्यावर तिचं मत ठाम होतं आणि ते ती भर गॅलरीत मांडायची.

"कामाचा नाव काढला की ह्येंच्या गालात कळ येता. गणपतीत आरतेक बरे उभे ऱ्हवतत!"

गॅलरी हसायची. तुळशीदासला उत्तर द्यायचं असायचं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं.

मग चौऱ्याण्णवच्या सुरुवातीला परळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरने त्याच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला. तुळशीदास खुर्चीतून उडाला. "काका, हे दाताचं नाहीच. शीर आहे ही," असं म्हणून त्याने दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. आठवडाभरात तुळशीदासने कळ न येता पहिली दाढी केली. गुळगुळीत गालाने तो रखमापुढे जाऊन उभा राहिला.

"बग! शीर होती. दात नव्हते. गोळयेन गेला."

रखमाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बारा वर्सांचा दुखणा गोळयेन गेला? मगे होता तरी खय?"

दुखण्याने मोडला नव्हता एवढा तुळशीदास बरा होऊन मोडला.

डॉक्टरवर केस करावी, हे त्याच्या मनात तेव्हाच आलं. पण परक्या वकिलापुढे बोळकं उघडायची त्याला लाज वाटत होती. शांताबाईंची नलू वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरचं माणूस आहे, होऊ दे वकील, असा विचार करून तो थांबला. नलू एका विषयात नापास झाली, तरी थांबला. अखेर तिला सनद मिळाली, पेढे वाटून झाले, आणि तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"चार वाटा आहेत काका," नलू म्हणाली. "एक, कौन्सिलकडे तक्रार."

"थय कोण बसता?"

"डॉक्टर."

"दुसरी सांग."

"दिवाणी दावा."

चाळीच्या मालकाविरुद्ध भाडेकरूंचा दिवाणी दावा नलूच्या जन्माआधीपासून चालू होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच सोडला.

"तिसरी, पोलीस."

"त्यांका काय सांगू? दात चोरीक गेले?"

"मग चौथी. ग्राहक मंच. सुप्रीम कोर्टाने आता सांगितलंय, पेशंट हा ग्राहक असतो."

"पण डॉक्टरान माझ्याकडसून काय घेवकच नाय."

"बाकीच्यांकडून घेत होते ना? मग तुम्हीसुद्धा ग्राहक."

आपल्याला कुणी ग्राहक म्हणावं, याचा तुळशीदासला थोडा संकोच वाटला. तो सावरून बसला.

"मागणी काय लिहू?" नलूने पेन उघडलं.

"रखमान म्हणाक होया. दुखणा खरा होता म्हणून."

"काकीने?"

"होय. डॉक्टरान सांगितला तर ती आयकात. माझा नाय आयकणा."

नलूने कायद्याचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. अशी नुकसानभरपाई त्यात नव्हती. तिने 'मानसिक त्रास' असं लिहिलं.

"आता पुरावा. काढलेले दात धड होते, हे दाखवायला दात हवेत. कुठे आहेत?"

तुळशीदासने गॅलरीबाहेर, खाली बोट दाखवलं.

तर असा तो कौलांवर होता. कौलं जिथे भिंतीला भिडत होती तिथल्या पन्हळीत वर्षानुवर्षांचा गाळ बसला होता. त्याने हात घातला. आधी रबरी चेंडू निघाला, मग कपड्यांचे चिमटे, आणि मग दात. तांदळाच्या कण्यांसारखे चिमुकले दात, मूठ मूठ. चाळीतल्या तीन पिढ्यांनी नव्या दातांसाठी केलेले अर्ज तिथे पडून होते. नलूचेही त्यातच असणार. त्या पसाऱ्यात त्याचे पाच दात वेगळे कळत होते. थोराड, पिवळे पडलेले, पण कुठे खड्डा नाही की काळा ठिपका नाही.

"सहावा?" नलूने वरून विचारलं.

"उंदरान नेलो असतलो," एव्हाना बाहेर आलेला लहू म्हणाला. "लिही तसा. मी पंच आसंय."

दात काडेपेटीत घालून तुळशीदास आणि नलू टिपणिसांकडे गेले. डॉक्टर आता सत्तरीचे होते. नोटीस त्यांना मिळाली होती, पण ती इंग्रजीत चार पानी होती आणि त्यांनी ती अजून अर्धीच वाचली होती. त्यांनी काडेपेटी उघडली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"वा! मुळं बघा काय आहेत. आणि हा? हा तर आणखी वीस वर्षं चालला असता. हल्ली असे दात बघायलासुद्धा मिळत नाहीत. कुणाचे हो?"

"माझे," तुळशीदास म्हणाला.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

"तुम्ही बोट ठेवायचात," ते म्हणाले. "बाहेर सगळं बंद होतं. रोज माणसं यायची आणि मला काही करता यायचं नाही. तुम्ही निदान बोट ठेवायचात."

"हे लेखी द्याल?" नलूने विचारलं.

"देतो की."

"लेखी नको," तुळशीदास म्हणाला. नलूने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "तुमी घराक येवा. थय सांगा."

डॉक्टर कठड्याला धरून दोन मजले चढले. त्यांच्यामागे गॅलरी गोळा झाली. रखमा डबे भरत होती. तिने पदर सारखा केला आणि स्टूल पुढे सरकवलं. डॉक्टर बसले नाहीत.

"वहिनी, यांचं दुखणं खरं होतं. दात चांगले होते. चूक माझी."

गॅलरीत कुणी हसलं नाही. तुळशीदास रखमाकडे बघत होता.

"माका म्हायत होता," रखमा म्हणाली.

"काय?"

"सोंग करणारो माणूस सुरमयची तुकडी ताटात टाकून उठत नाय." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मगे बारा वर्सां भर गॅलरीत..."

"खरा म्हटला असता तर तुमका घरात निजवून ठेवचा लागला असता. पोरांनी खाल्ला काय असता मगे?"

तुळशीदासने तोंड उघडलं, साचेखात्यातल्यासारखं, भलं मोठं. नलूने पेनाला टोपण लावलं.

रखमाने चहा टाकला. डॉक्टरांना दिला, नवऱ्याला दिला आणि स्वतः बशीतून, मान डावीकडे कलती करून, सावकाश प्यायली.

"वहिनी, उजव्या बाजूला काही होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय."

"किती दिवस?"

"संपाच्या आदीपासून," रखमा म्हणाली.

ग्राहक मंचाने तक्रार दाखल करून घेतली नाही. दुखण्याचं खरं कारण कळल्यापासून दोन वर्षांत यायला हवं होतं. नलूला सनद मिळेपर्यंत ती उलटून गेली होती. त्याच आठवड्यात टिपणिसांनी रखमाची दाढ काढली. ती मात्र किडलेली होती.