डावा दोर

उत्सवाच्या नाटकाची पत्रिका छापून आली तेव्हा कुशाबा गोठ्यात शेण भरत होता. हात भरलेले म्हणून सुनेनं, वैष्णवीनं, ती वाचून दाखवली. भूमिका करणाऱ्यांची अकरा नावं, मग पेटीवाला, तबलेवाला, रंगभूषा, मंडप. सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत: रंगमंच व्यवस्था, कुशाबा आणि मंडळी.

"मंडळी म्हणजे कोण, मामा?"

"तुझी आत्या," कुशाबा म्हणाला आणि घमेलं खाली ठेवलं.

रंभाबाईला, त्याच्या बायकोला, जाऊन चार महिने झाले होते. सत्तावीस वर्षं नेरे गावच्या नाटकाची मंडळी म्हणजे ती एकटीच. पहिल्या वर्षी ती नुसती नवऱ्याची भाकरी घेऊन आली होती. कुशाबाचा जोडीदार भिकू तापानं फणफणत पडलेला, आणि पडदा दोन पानांचा. उजवं पान उजव्या विंगेतून ओढायचं, डावं डाव्या विंगेतून. दोन दोर, दोन माणसं. रंभाबाईनं भाकरीचं फडकं खुंटीला अडकवलं, पदर खोचला आणि डावा दोर धरला. तो पुन्हा सोडला नाही. कापडी भिंती उचलायच्या, पलंग हलवायचा, खुर्ची अंधारात नेमकी मांडायची, त्या जागेवर आधीच चुन्याचं बोट उठवून ठेवायचं. पडदा मिटला की दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून तिनंच मागच्या बाजूनं एक सुतळी या विंगेतून त्या विंगेत नेली. कुशाबा एक हिसका द्यायचा. तिची तयारी झाली की तिकडून दोन यायचे. मग दोघं एकदम ओढायची.

हात धुऊन तो तसाच शेखरकडे गेला. शेखर त्याच्या चुलतभावाचा मुलगा, मंडळाचा अध्यक्ष.

"तात्या, पत्रिका शुभकार्याची," शेखर म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नाव कसं घालायचं?"

"जित्ती व्हती तवा तरी कुटं घातलं?"

शेखरनं मान खाजवली. "असं करू. कमानीपाशी काकीचा मोठा फ्लेक्स लावू. फोटो, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली मंडळाची पोरं."

"म्हंजी तिच्यापरीस तुमचीच थोबाडं मोठी. श्रद्धांजली मेल्याबद्दल देत्यात. मेली त्यात तिचं काय कसब? मला तिच्या कामाचं नाव पायजे. पत्रिकेत न्हाई तर माईकवर घे. पडदा उघडायच्या आधी."

"बघू."

"बघू न्हाई. घे."

"आधी हे सांगा, दुसरा दोर कोण धरणार? हिंजवडीवरनं इव्हेंटवाल्याची दोन पोरं बोलवतो मी."

"बोलव. त्यांना पाव्हण्यांच्या खुर्च्या मांडायला लाव. दोर वैष्णवी धरंल."

आठ दिवस त्यानं तिला शिकवलं. पायात चप्पल नको, अंधारात बोलणं नको. बांगड्या रुमालात बांध, किणकिण शेवटच्या रांगेला ऐकू जाते. कमरेला खिळे, दाभण, सुतळी. दिवे जायच्या आधीच डोळे मिटून घे, म्हणजे अंधारात दिसतं. माझा हिसका आल्याबिगर दोर वढायचा न्हाई, देव जरी समोर येऊन म्हणाला तरी.

"आणि नाटक बघायचं न्हाई."

"मग कुठं आलंय ते कळणार कसं?"

"कानानं. बघाय लागलं की माणूस प्रेक्षक होतंय. प्रेक्षकाच्या हातात कुणी दोर देतं का?"

"आत्यांनी कधी बघितलं नाही?"

"एकदाच. रडली, अन् पलंग उलटा मांडला. नायिका उशीवर पाय ठिवून मेली."

वैष्णवी हसली. कुशाबालाही हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्याचा त्याला रागही आला.

भिंत मात्र दोघांना जमेना. उचलली की कलायची. पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. रंभाबाई बुटकी होती. तिच्या मानानं तो सत्तावीस वर्षं आपली बाजू खाली धरत आला होता. वैष्णवी उंच. चूक त्याच्या हातांची होती, आणि हात ऐकत नव्हते.

नाटकाच्या दिवशी तिसरी घंटा झाली. शेखरनं माईकवर सरपंचांचं नाव घेतलं, मंडपवाल्याचं घेतलं, डिझेल देणाऱ्याचंही घेतलं. शेवटी म्हणाला, "रंगमंच व्यवस्था, कुशाबा आणि मंडळी." पेटी वाजली. पडदा हलला नाही. पेटी पुन्हा वाजली.

शेखर विंगेत धावत आला. "तात्या, उघडा की."

"नाव ऱ्हायलं."

"आत्ता ही येळ हाय का? सगळं गाव बसलंय."

"गाव बसलंय म्हणूनच."

"सरका, मी वढतो."

"वढ," कुशाबा म्हणाला आणि दोर त्याच्या हातात दिला.

शेखरनं जोर लावला. उजवं पान सरसर गेलं. डावं जागचं हललं नाही. लोकांना अर्धं घर दिसलं, अर्धा दरवाजा, आणि हात जोडून उभा राहिलेला एकटा नायक. नायिका पडद्याआड.

"शेखर, उरलेलं पुढच्या सालाला व्हय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

शेखर मागच्या बाजूनं डाव्या विंगेत गेला. वैष्णवीचा आवाज कुशाबाला स्वच्छ ऐकू आला.

"मामांचा हिसका आला की ओढते, भावजी. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, असंच शिकवलंय."

"तुमी सासरा-सून मिळून माझी लाज काढताय."

"तुमची नाही. आत्यांचं नाव काढतोय."

कुशाबानं आपलं पान परत मिटून घेतलं. अर्धा उघडा पडदा त्याला सहन होईना. मग माईक खरखरला. शेखर बोलला.

"रंगमंच व्यवस्था. कुशाबा, वैष्णवी." माईक पुन्हा खरखरला. "आणि रंभाबाई. डावा दोर. सत्तावीस वर्षं."

टाळ्या पडल्या की नाही, हे कुशाबाला नंतर सांगता आलं नाही. त्याचं बोट सुतळीवर होतं. त्यानं एक हिसका दिला. तिकडून वैष्णवीचे तीन आले.

दोन रंभाचे होते. ते तिचेच राहिले, हे त्याला पटलं. दोघांनी एकदम ओढलं आणि पडदा मधोमध उघडला.

पहिला प्रवेश संपताना त्यानं दिवे जायच्या आधी डोळे मिटले. अंधार झाला. भिंतीपाशी गेला, खाली वाकला. मग हात वीतभर वर सरकवले आणि उचललं. भिंत सरळ उठली.

"चल," तो कुजबुजला.

"बोलायचं नसतं, मामा," पलीकडून आवाज आला.