एसीच्या पाण्यावरची हळद

हळदीच्या पानाशिवाय पातोळ्या नाहीत आणि पातोळ्यांशिवाय आमचा गणपती नाही, हे सासूबाईंनी रास अल खैमात पाऊल ठेवल्या ठेवल्या जाहीर केलं. म्हणजे यंदाही गणपती दुबईला, थोरल्या जाऊबाईंकडेच बसणार. ऋतावहिनी फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या त्या सिमेंटच्या गावात काय मिळणार गं? आमच्या करामाच्या बाजारात सगळं मिळतं. इकडेच या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याच घरी आरतीला टाळ्या वाजवत होते. मला माझ्या घरात गणपती हवा होता. पानं दुबईहून आणता आली असती, पण मग वहिनींनी जन्मभर ऐकवलं असतं की संजनाचा गणपती माझ्या पानांवर बसला.

इथल्या मोठ्या सुपरमार्केटात ब्रोकोली मिळाली. ब्रोकोलीत काय पातोळ्या करू?

शेजारी ओकादाबाई राहायच्या. नवरा टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर, माहेर ओसाकाचं. माझं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "बिग शॉप, नो. ओल्ड लेडी, एम्प्टी बॅग. फॉलो!" ओसाकातही म्हणे झगमगाट पाहुण्यांसाठी. चांगलं लोणचं, चांगला मासा मागच्या शांत गल्ल्यांत, आणि त्या गल्ल्या म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक.

ऊन कलल्यावर आम्ही दोघी निघालो. पहिली म्हातारी गेली थेट दवाखान्यात. दुसरी मात्र रिकामी पिशवी हलवत मशिदीमागे वळली, आणि मी इतकी वर्षं या गावात राहून न पाहिलेली गल्ली समोर आली. रोट्यांची भट्टी, शिंप्याचं दुकान, दारात वाळत घातलेली मासळी. ओकादाबाईंनी मासळी हुंगून हुंगून घेतली. गरम रोटी आम्ही चालता चालताच खाल्ली. मला इतकी मजा वाटत होती की पानं विसरायचीच बाकी होती.

तेवढ्यात म्हातारी गर्रकन वळली. "कोण गो तुम्ही? मघापासून माझ्या मागं मागं का येताय?"

चक्क मराठी! माझं मंगळसूत्र बघून ओळखलं असणार. मी शरमले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती खो खो हसली. नाव मैमुनाबी, गाव श्रीवर्धन, मुलगा बंदरात कामाला. "चल," म्हणाली आणि आम्हाला आपल्या अंगणात घेऊन गेली.

एसीच्या नळीखाली तुपाचे रिकामे डबे मांडलेले होते. थेंब थेंब पाणी पडत होतं आणि डब्या-डब्यांतून हळद तरारली होती. हातभर लांब पानं!

"पाणी फुकट जाताना बघवेना. मी पानात सुरमई वाफवते. तू गणपतीला ने. हवी तितकी काढ." मी पर्स उघडली तशी तिने हात झटकला. "खलास, बस्स! पैशाचं नाव काढू नको. पातोळ्या आणून दे."

घरी सासूबाईंनी पान चुरगाळून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग त्यांनी स्वतःच दुबईचा फोन फिरवला.

"ऋता, यंदा गणपती संजनाकडे. हो, त्याच सिमेंटच्या गावात. सगळे इकडेच या." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. "पानं? छे गं, काही आणू नकोस. तुलाच हवी असली तर जाताना घेऊन जा."